बंदी आलेलं मोठ्याने वाचताना

महाराष्ट्रात पुस्तक छापायला सरकारची परवानगी लागत नाही. त्याच पुस्तकातलं नाटक रंगमंचावर करायचं म्हटलं की लागते. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची, तिथल्या सदस्यांनी ती वाचायची आणि प्रमाणपत्र हाती आलं की मग प्रयोग. विजय तेंडुलकरांचं एखादं वाक्य तुम्ही घरी खुर्चीत बसून वाचलंत तर तो तुमचा हक्क असतो. तेच वाक्य एखाद्या नटाने भरल्या नाट्यगृहात उच्चारायचं ठरवलं की आधी कुणाला तरी विचारावं लागतं.

शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर नाशिकला आम्ही काही जणांनी अभिवाचनाचा गट सुरू केला. वर्षातली एक संध्याकाळ आम्ही बंदी आलेल्या, जप्त झालेल्या, खटल्यात ओढल्या गेलेल्या मराठी लेखनासाठी राखून ठेवतो. कल्पना माझ्या भाचीची. ती अमेरिकेत एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. तिकडे १९८२ पासून दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ‘बॅन्ड बुक्स वीक’ पाळतात. शाळांच्या आणि ग्रंथालयांच्या कपाटांतून काढायला लावलेली पुस्तकं त्या आठवड्यात दर्शनी ठेवायची आणि लोकांसमोर मोठ्याने वाचायची, असा तो रिवाज. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या ज्युडिथ क्रुग या बाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. २०१६ पासून तिथल्या नाटककारांच्या संस्थेने त्याला जोडून आणखी एक गोष्ट केली. ठिकठिकाणी अडवल्या गेलेल्या नाटकांतले प्रवेश आणि गाणी एकत्र गुंफून एक कार्यक्रम बसवला, आणि तो अनेक शहरांत होऊ लागला. भाची फोनवर हे सांगत होती आणि माझ्या मनात येत होतं, की आपल्याकडे याची सामग्री किती आहे! आणि तीही गळ्यात वाढलेली, कारण मराठीत बंदीचा इतिहास हा पोवाड्यांचा, मेळ्यांचा, तमाशाचा आणि नाटकाचा इतिहास आहे.

अभिवाचन म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. वेशभूषा नाही, नेपथ्य नाही. चार-पाच वाचक, समोर स्टँडवर संहिता. पाठांतर करायचं नाही, पण कागद पुढे ठेवून वाचण्याची तालीम मात्र कसून करायची. श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं, ‘च’ चमच्यातला की चिमटीतला, हे सगळं लाल पेन्सिलीने संहितेवर खुणावलेलं असतं. रंगसूचनासुद्धा आम्ही एका वाचकाकडे देतो, कारण अभिवाचनात दिसत काहीच नाही. जे घडतं ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात घडतं. हक्कधारकांची परवानगी आधी घेतो. कार्यक्रम संपल्यावर लगेच कुणी उठायचं नाही, जेवढं वाचलं तेवढाच वेळ बोलायला ठेवायचा, हा आमचा नियम.

नाशिककरांसाठी सुरुवात नाशिकपासूनच करावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी इथे मित्रमेळा या संघटनेची मुलं पोवाडे गात असत. पायाने अधू असलेले कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, पदं रचायचे. विनायक सावरकरांनी सिंहगडावर आणि बाजीप्रभूंवर पोवाडे रचले. सरकारने ते जप्त केले. पण पोवाडा जप्त करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? छापलेल्या पुस्तिका गोळा करता येतात. चौकात उभं राहून डफावर थाप मारणाऱ्याला तो पाठ असतो, आणि पुढच्या गल्लीतल्या पोरालाही झालेला असतो. सावरकरांनी लिहिलेलं मॅझिनीचं चरित्र त्यांचे थोरले भाऊ बाबाराव यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यावरही बंदी आली, आणि त्याची प्रस्तावना तरुणांनी तोंडपाठ करून ठेवली. गद्य प्रस्तावना पाठ करणारे वाचक मला तरी दुसरे माहीत नाहीत.

याच बाबारावांनी कवी गोविंदांच्या कवितांची एक छोटी पुस्तिका छापली. तिच्यासाठी जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मालमत्ता सरकारजमा झाली. कविता छापल्याबद्दल अंदमान. हे वाक्य मी वाचते तेव्हा सभागृहात चुळबुळ थांबते.

पण गोष्ट तिथे थांबवणं अप्रामाणिकपणाचं होईल, म्हणून पुढचंही आम्ही वाचतो. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. जिल्हाधिकारी जॅक्सन यांची बदली झाली होती आणि ते नाटकाला आले होते. संस्कृतचे अभ्यासक म्हणून त्यांची ख्याती होती. अनंत कान्हेरे या कोवळ्या वयाच्या मुलाने तिथे त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन मेले. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे आणि देशपांडे यांना एप्रिल १९१० मध्ये ठाण्याला फाशी झाली.

एका वर्षी वाचनानंतर एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी मला सरळ विचारलं, “बाई, मग त्या कवितांना सरकार घाबरलं तर काय चुकलं? शब्दांतूनच पिस्तूल आलं ना?” प्रश्न योग्य होता आणि त्याला टाळाटाळीचं उत्तर देता येत नाही. मी त्यांना जे म्हटलं ते आजही माझं मत आहे. बंदीने त्या कविता थांबल्या नाहीत, त्या फक्त लपल्या. उघड्यावर म्हटली गेलेली कविता ऐकून कुणीतरी उठून म्हणू शकतं, की हे मला पटत नाही, शत्रूलाही असं मारू नये. बंद खोलीत, दारं लावून, शपथ घेऊन म्हटलेल्या कवितेला असं विचारणारा कुणी नसतो. तिथे ऐकणारे सगळे आधीच एका बाजूचे असतात. बंदी घालणारा लेखकाला गप्प करतो असं आपण म्हणतो. मला वाटतं, तो लेखकाला विरोध करू शकणाऱ्या श्रोत्यालाही गप्प करतो, आणि हे नुकसान जास्त मोठं आहे. पोलीस अधिकाऱ्यांना हे पूर्ण पटलं नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले, पहिल्या रांगेत बसले.

‘कीचकवध’ याच दिवसांतलं. केसरीत टिळकांचे सहकारी असलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी हे नाटक लिहिलं आणि १९०७ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. कथा महाभारतातली, घराघरात माहीत असलेली. विराटाच्या राजवाड्यात सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक, धीर धरा म्हणणारा धर्मराज आणि संतापाने धुमसणारा भीम. माजी व्हाइसरॉय कर्झनचं नाव नाटकात कुठेही नाही. तरी प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, द्रौपदीत हिंदुस्थान दिसला, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. लंडनच्या टाइम्सलाही ते कळलं, १९१० मध्ये बंदी आली आणि पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या पुस्तकात या नाटकाची दखल घेतली.

बंदी ज्या कायद्याखाली आली तो १८७६ चा, आणि त्याचं मूळ बंगालमध्ये आहे. दीनबंधू मित्रांच्या ‘नीलदर्पण’ने निळीच्या मळेवाल्यांचे अत्याचार रंगमंचावर आणले होते. नंतर प्रिन्स ऑफ वेल्सना घरी बोलावून त्यांची सरबराई करणाऱ्या एका कलकत्तेकर वकिलाची टर उडवणारं प्रहसन झालं. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी घाईने वटहुकूम काढला आणि त्याचा कायदा झाला. ब्रिटिश गेले तरी कायदा पुस्तकात राहिला. तो रद्द झाला २०१८ मध्ये. स्वतंत्र भारतात सत्तर वर्षं.

‘कीचकवध’ वाचताना आमच्या एका तरुण वाचकाने, जो बँकेत कॅशियर आहे, भीमाची वाक्यं फार जोरात म्हणायला सुरुवात केली होती. तालमीत त्याला सांगावं लागलं, की अरे, ओरडू नकोस. प्रेक्षकाला भीमाचा राग कळायला हवा, तुझा नाही. त्याने आवाज खाली आणला आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या नाटकाची सरकारला भीती का वाटली असेल. दबलेल्या आवाजातला भीम फार धोकादायक वाटतो.

मेळे आणि तमाशा यांच्यावर एक अख्खी संध्याकाळ करता येईल, पण ती गाणाऱ्यांनी करावी. आम्ही थोडक्यात उल्लेख करतो. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक गिरणगावात आणि खेड्यापाड्यांत गात होतं. अण्णाभाऊंनी गण-गौळण बदलली, देवाऐवजी कामगाराला आणि मातीला वंदन केलं, आणि त्या रूपाला लोकनाट्य म्हणून उभं केलं. प्रयोगाआधी परवानगी मागणाऱ्या, पोलीस कायद्याखालच्या १९६० च्या नियमांच्या नावातच आजही मेळे आणि तमाशे आहेत. संहिता आधी तपासून घेण्याच्या या पद्धतीला अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते याच नियमांना.

आता तेंडुलकर. इथे आमची संध्याकाळ नेहमी लांबते आणि मी ती लांबू देते.

‘गिधाडे’ श्रीराम लागूंनी १९७० मध्ये केलं. भावांनी पोटात लाथा घातलेली माणिक रंगमंचावर येते तेव्हा तिच्या साडीवर रक्ताचा डाग असतो. लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. मग प्रयोगात तो डाग निळा केला गेला आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना सांगितलं जाऊ लागलं, की मंडळाच्या सूचनेमुळे डाग निळा आहे, आपण तो लाल समजावा. आमच्या वाचनात साडीच नाही. रंगसूचना वाचणाऱ्या आमच्या गटातल्या वकीलताई ‘लाल’ हा शब्द उच्चारतात, अगदी साध्या सुरात, आणि पुढे जातात. पन्नास वर्षांपूर्वी रंगमंचावर जो रंग दाखवू दिला नाही तो एका शब्दाने सभागृहभर पसरतो. एकदा एका मुलीने मला नंतर सांगितलं की तिने निळा डाग असलेला प्रयोग पाहिला असता तर तिला इतका त्रास झाला नसता. त्रास होणं हेच त्या दृश्याचं काम आहे. लेखकाने ते तसं लिहिलं आहे.

‘सखाराम बाइंडर’ मार्च १९७२ मध्ये आलं. कमलाकर सारंग दिग्दर्शक, निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. छापखान्यात बाइंडिंग करणारा सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणतो, त्यांना राबवतो, वापरतो आणि हे सगळं काहीही न लपवता बोलतो. तेरा प्रयोगांनंतर बंदी आली. सारंग उच्च न्यायालयात गेले, कर्ज आणि मनस्ताप सोसला, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. ही सगळी हकिकत त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ज्या नाटकाने संस्कृती बुडणार होती त्याचा इंग्रजी प्रयोग २००४ मध्ये न्यूयॉर्कला झाला.

या नाटकावरची चर्चा बहुतेक वेळा शिव्यांवर आणि चंपाच्या वागण्यावर अडकते. पूर्ण वाचलं की दुसरंच काही ऐकू येतं. सखारामाने घरी आणलेली लक्ष्मी एकटी असताना मुंगळ्याशी बोलते, हसते, खेळते. बाहेरून ऐकणाऱ्या सखारामाला वाटतं की आत कुणी पुरुष आहे. गणपतीच्या आरतीला सखारामाच्या मित्राने, दाऊदने, उभं राहू नये असं लक्ष्मी म्हणते, कारण तो मुसलमान, आणि सखाराम तिला त्यासाठी बडवतो. तो क्षण ऐकताना श्रोते गोंधळतात. बायकोसारख्या राहणाऱ्या बाईला मारणारा हा माणूस इथे मित्राच्या बाजूने उभा आहे, आणि सोशीक, देवभोळी लक्ष्मी क्रूर बोलते आहे. आणि शेवटी चंपाचं प्रेत पुरायला हात लावते ती कोण, हे ज्यांना आठवत नसेल त्यांनी नाटक काढून पुन्हा वाचावं. चार शिव्या वेगळ्या काढून दाखवल्या तर यातलं काहीच हाती लागत नाही. बंदीची मागणी करणारे नेहमी उतारा दाखवतात. म्हणून आमचा हट्ट असतो की ‘बाइंडर’ वाचायचं तर अखंड वाचायचं, रात्र झाली तरी.

न्यायालयांतही मुद्दा बहुधा इथेच येऊन थांबला आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली. पुण्यात खटला उभा राहिला, उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरलं आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलं. कादंबरी सबंध वाचून पाहिली पाहिजे, असं धरून. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वरही अश्लीलतेचा खटला झाला आणि तेही सुटले. मर्ढेकरांच्या कविता आमच्याकडे एक तरुण प्राध्यापक वाचतात. दिवाळी अंक वाचणाऱ्यांच्या घरात ‘श्यामा’चं नाव आजही लोकांना आठवतं, खटला मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो.

सगळे निकाल असे लागलेले नाहीत. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९८० च्या दशकात पोस्टर म्हणून निघाली. १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या नियतकालिकात ती छापली गेली आणि खटला दाखल झाला. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माफी मागितलेल्या संपादकांना मोकळं केलं, पण कवीवरचा खटला रद्द करायला नकार दिला. आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अशी भाषा घालता येत नाही, असा त्याचा आशय होता. ती कविता आम्ही वाचत नाही. तिचा इतिहास वाचतो, आणि ती का वाचत नाही ते श्रोत्यांना सांगतो. यावर आमच्या गटात कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. माझं मत कविता वाचावी म्हणणाऱ्यांच्या बाजूचं आहे. तीस वर्षांहून जुनी कविता प्रौढ माणसांनी ऐकावी की नाही हे त्यांना ठरवू द्यावं.

बंदी आली म्हणून लेखन थोर ठरत नाही, हेही मी दरवर्षी बोलते. त्या काळच्या जप्त पदांपैकी काही रचना म्हणून कच्ची आहेत. काही विचार मला मान्य नाहीत, काही भयंकर वाटतात. एका वर्षी एक काकू मध्यंतरात उठून गेल्या आणि जाताना मला म्हणाल्या, “मला हे ऐकवत नाही.” त्यांना दारापर्यंत पोचवायला मी गेले. न ऐकण्याचं त्यांचं स्वातंत्र्य मला तितकंच मोलाचं वाटतं. त्या उठल्या, पण त्यांनी बाकीच्यांना उठायला सांगितलं नाही.

हे काम करायला नाट्यसंस्था लागत नाही. चार वाचक, एक खोली आणि महिनाभराची तालीम पुरते. आपल्या गावच्या वाचनालयात जा आणि ‘कीचकवध’, ‘गिधाडे’, ‘सखाराम बाइंडर’, ‘काही कविता’ आणि सारंगांचं ‘बाइंडरचे दिवस’ आहे का ते पाहा. नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहा. मिळालं की हक्कधारकांना पत्र टाका आणि दहा माणसं जमवून मोठ्याने वाचा, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, मधलं काहीही न गाळता. विरोध करणाऱ्यांनाही आमंत्रण द्या आणि त्यांना पुढच्या रांगेत जागा ठेवा.